आधी पडदा, मग कार्ड

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी आपल्या शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी संगणक-कक्षासाठी पन्नास हजार रुपयांची देणगी दिली, हे या वार्षिकाच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. त्या रकमेचे काय करावे यावर शिक्षक-दालनात जी चर्चा झाली, ती मात्र दालनाबाहेर फारशी गेली नाही. त्या चर्चेत माझे मत प्रारंभी अगदी एकटे पडले होते; म्हणूनच ते येथे सविस्तर मांडण्याची परवानगी मी संपादकांकडे मागितली. मी इतिहास व मराठी शिकविणारी बाई. विज्ञानाची पदवी माझ्याजवळ नाही. यंत्रांच्या कारभारात कलाशाखेच्या माणसाने लुडबूड का करावी, असे ज्यांच्या मनात येईल त्यांना एवढेच सांगते की, यंत्र जे दाखविते ते वाचण्याचे काम शेवटी माझ्याच विषयांच्या वाट्याला येते.

आपल्या कक्षातील यंत्रे २०१२-१३ च्या सुमाराची. ज्या पेटीला आपण सारेच चुकीने 'सीपीयू' म्हणतो, त्या पेटीत इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि चित्र दाखविण्याचे काम त्याच प्रोसेसरमध्ये सामावलेला एक छोटा भाग करतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड त्यांत नव्हते. समोर १८.५ इंची रुंद पडदे. बहुमत असे होते की, या यंत्रांपैकी जे सर्वांत बरे असेल त्यात एक दमदार कार्ड बसवावे, त्यापुढे २७ इंची पडदा ठेवावा, आणि शाळेत निदान एक तरी 'आधुनिक' संगणक असावा. मुलांना हा बेत अतिशय आवडला, हे सांगावयास नकोच. माझे म्हणणे असे होते की, एका यंत्राला राजवस्त्रे चढवून बाकीची उघडी ठेवण्यापेक्षा आधी पडद्यांकडे पाहावे. कार्डाचा विचार त्यानंतर, आणि तोही ज्या कामासाठी ते हवे त्या कामापुरता.

हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही. ते एका टिंबाने मला दिले.

आपल्या ग्रंथालयात शाळेचे जुने वार्षिकांक आहेत. त्यांचा कागद आता हाताळताना तुटतो. म्हणून नववीच्या काही मुलामुलींकडून आम्ही त्यांची पाने छायांकित करून घेतली आणि मजकूर संगणकावर टंकलिखित करण्याचे काम हाती घेतले. मुले हुशार, बोटे चपळ. पण तपासावयास बसले तेव्हा मी चक्रावून गेले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले आणि त्यांनी अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला. तत्पूर्वीच्या अंकांत ते पानोपानी आहेत. 'घरांत', 'केलें', 'त्यांनीं'. मुलांच्या मजकुरात कोठे ते नाहीसे झालेले, तर कोठे कागदावरील डाग अनुस्वार होऊन बसलेला. 'नांव' लिहिले म्हणजे माणसाचे आणि 'नाव' लिहिली म्हणजे नदीतली, हा भेद त्या काळच्या लेखनात एका टिंबावर तोललेला असे. माझी मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे 'म्हजें नांव' असे आजही अनुस्वार देऊनच लिहितात, त्यामुळे असल्या टिंबांविषयी मी थोडी अधिक हळवी असेन, हे कबूल करते. परंतु 'उद्घाटन' या शब्दाचे प्रत्येक मुलाने 'उद्धाटन' केलेले पाहिल्यावर हळवेपणाचा प्रश्न उरला नाही. एकाने चूक केली तर ती त्याची. सातही जणांनी तीच चूक केली तर त्या सातांच्या पुढ्यात काय आहे, हे पाहावयास हवे.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. पडद्यावरील पान वाचू लागले. खरोखर, द-ला घ जोडला आहे की ध, हे मलाही ओळखता येईना!

याचे कारण देवनागरीच्या रचनेत आहे. रोमन अक्षर बहुधा एका मजल्याचे घर असते. आपले अक्षर तीन मजल्यांचे. मधल्या मजल्यावर अक्षराचा देह, शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार यांची दाटी, खाली उकार, ऋकार व पायमोडके. 'र्त्स्य' सारखे जोडाक्षर आले म्हणजे त्या मधल्या मजल्यातही भाडेकरू वाढतात. पडद्यावरील प्रत्येक चित्र लहान लहान बिंदूंनी बनते. इंग्रजीत या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. जेवढ्या उंचीत इंग्रजीचे अक्षर ऐसपैस बसते, तेवढ्याच उंचीत आपले तिन्ही मजले कोंबावयाचे म्हटले तर एका अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम एखाद-दुसरा बिंदू येतो. तो पुसट झाला की अर्थच बदलला.

येथे थोडे गणित करणे भाग आहे; इतिहासाच्या बाईंचे गणित म्हणून कोणी हसू नये. आपल्या १८.५ इंची पडद्यावर आडवे १३६६ व उभे ७६८ बिंदू आहेत. एका इंचाच्या लांबीत किती बिंदू येतात हे काढले तर ते सुमारे ८५ भरतात. ज्याला 'फुल एचडी' म्हणतात त्या १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर एकंदर बिंदू जवळजवळ दुप्पट, वीस लाखांहून अधिक. तो पडदा २१.५ इंची असेल तर इंचामागे सुमारे १०२ बिंदू येतात. पण तेवढेच बिंदू २७ इंची पडद्यावर पसरले तर? इंचामागे ८२ सुद्धा पुरते भरत नाहीत. म्हणजे बहुमताने सुचविलेला मोठा पडदा, तो फुल एचडीच असता तर, अक्षरांच्या बाबतीत आमच्या जुन्या पडद्याहून भरडच ठरला असता! आकार मोठा म्हणजे पडदा चांगला, ही समजूत दुकानदारांनी नव्हे, आपण आपल्या हौसेनेच वाढविली आहे. २७ इंच हवेच असतील तर २५६० गुणिले १४४० बिंदूंचा पडदा घ्यावा. तेथे पुन्हा इंचामागे १०९ येतात, अर्थात पैसेही त्या मानाने अधिक मोजावे लागतात.

याच गणिताने मला अडगळीच्या खोलीपर्यंत नेले. तेथे मागच्या पिढीतील संगणकांचे १७ इंची चौकोनी पडदे एकावर एक रचून ठेवले होते. रुंद पडदे आले तेव्हा ते 'जुनाट' म्हणून काढून टाकले होते. त्यांवर १२८० गुणिले १०२४ बिंदू, इंचामागे ९६. उभे १०२४, म्हणजे रुंद पडद्याच्या ७६८ हून कितीतरी अधिक; पुस्तकाच्या उभ्या पानाला ते अगदी सोयीचे. आम्ही चांगले टाकून भरड घेतले होते, आणि दहा-बारा वर्षे आम्हांला ते कळलेही नव्हते. सहापैकी चार पडदे पुसून, तार जोडून पाहिले तेव्हा चालू निघाले. दोघांचा प्रकाश मंद झाला आहे, कारण त्यांच्यामागील दिवे जुन्या, नळीच्या जातीचे आहेत; तरी वाचावयास ते पुरतात.

आता कार्डाकडे वळू. ग्राफिक्स कार्ड ही केवळ खेळांची चैनीची वस्तू आहे असे माझे म्हणणे समजू नये. किंबहुना मराठीच्या संगणकावरील वास्तव्याचा इतिहास एका कार्डापासून सुरू होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९८० च्या दशकात जे संगणक आपल्याकडे येत, त्यांना रोमन लिपीवाचून दुसरी लिपी दाखविता येत नसे. कानपूरच्या आय.आय.टी.त यावर संशोधन झाले, आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने 'जिस्ट' नावाचे कार्ड प्रचारात आणले. चालू संगणकाची पेटी उघडावयाची, आतल्या मोकळ्या खाचेत हे कार्ड बसवावयाचे, की तोच इंग्रजी संगणक देवनागरी व इतर भारतीय लिपी दाखवू लागे. जे आज्ञाक्रम इंग्रजीसाठी लिहिलेले होते, त्यांतही मराठी नावे भरता येत. १९९१ मध्ये भारतीय लिपींच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान मिळाले, आणि पुढे कार्डाशिवायच अक्षरे उमटू लागली. म्हणजे जुन्या संगणकात नवे कार्ड बसविण्याचा खटाटोप आपल्या भाषेने एकदा केलेला आहे. आणि तो अक्षरांसाठी केलेला आहे. आमच्या चर्चेत हा दाखला मी दिला, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या सरांनी प्रथमच मान डोलावली.

तथापि कार्ड घेताना यंत्राची प्रकृती पाहावी लागते. हा धडा मला धारला मिळाला.

माझ्या नणंदेचे सासर धारचे. तिचा मुलगा, माझा भाचा, अकरावीत आहे. त्याच्याकडेही आपल्या कक्षातल्यासारखेच जुने यंत्र. त्याने साठविलेल्या पैशांतून एक वापरलेले, १२० वॅट वीज खाणारे कार्ड मिळविले आणि मला दूरध्वनीवरून सांगितले, "मामी, तू बघच, आता हा संगणक नव्याला मागे टाकील." कार्ड पेटीत बसेना, कारण त्याची लांबी हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडत होती, पिंजरा काढला. ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसते, तो स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढची वीज एसएमपीएसमधून निघणाऱ्या वेगळ्या तारेने द्यावी लागते. त्याच्या एसएमपीएसला तशी तारच नव्हती. कोणीतरी त्याला एक जोड-तार दिली, ती त्याने डिस्कच्या दोन तारांना लावली. खेळ सुरू झाला, वीस मिनिटे चालला, यंत्र एकाएकी बंद पडले आणि खोलीत जळका वास पसरला. कार्ड वाचले, एसएमपीएस गेला. विशेष म्हणजे त्या वीस मिनिटांतही खेळ अडखळतच चालला होता, कारण जुन्या प्रोसेसरला कार्डाच्या वेगाने काम पुरविता येत नव्हते. एका बाजूला म्हातारा बैल आणि दुसऱ्या बाजूला हत्ती जुंपला, तर गाडी बैलाच्याच चालीने चालावयाची. नणंदेने त्याला रागावून घेतले. मी रागावले नाही. पेटीवर 'चारशे पन्नास' लिहिले आहे म्हणजे आत तेवढे आहेच, असा विश्वास आपण मोठी माणसेही टाकतोच.

त्याच घरातील दुसरी गोष्ट. नणंदेचे सासरे, ज्यांना सारे घर 'दादा' म्हणते, सकाळी संगणकावर मराठी वृत्तपत्रे वाचतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून अक्षरे धूसर दिसतात, ही त्यांची तक्रार. मुलाने त्यांच्यासाठी हौसेने नवा फुल एचडी पडदा आणला, तरी तक्रार कायम. "सूनबाई, डोळेच गेले आता माझे, पडद्याला बोल लावू नका," असे ते मला म्हणाले. मी पाहिले तर यंत्र अजून जुन्याच पडद्याच्या मापाने, १३६६ गुणिले ७६८ ने, चित्र पाठवीत होते आणि नवा पडदा ते ताणून दाखवीत होता. एका बिंदूचे काम दीड बिंदूला दिले की प्रत्येक रेघ पुसट होणारच. मापाच्या जागी पडद्याचे मूळ माप निवडले, आणि अक्षरे बारीक झाली म्हणून ती वेगळ्या सोयीने सव्वापट केली. दादांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि काही न बोलता अग्रलेख वाचावयास लागले. या दुरुस्तीस एक पैसाही लागला नाही. घरोघरी कित्येक नवे पडदे असे जुन्या मापाने चालले असतील. वाचकांनी आज घरी गेल्यावर आपले यंत्र एकदा अवश्य पाहावे. तसेच तारेचे. पडद्याला निळ्या टोकाची, दोन स्क्रूंची जुनी व्हीजीए तार लावलेली असेल आणि दोन्हीकडे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचे तोंड मोकळे असेल, तर ती बदलून घ्यावी. व्हीजीए ही १९८७ सालची सोय. काचेच्या नळीच्या पडद्यांसाठी ती उत्तम होती. आजच्या पडद्याला मात्र तीतून आलेल्या लहरींचे पुन्हा बिंदू करावे लागतात, आणि त्या उलटसुलट भाषांतरात कडा बोथट होतात. नाइलाजाने तीच वापरावी लागली तर पडद्यावरील 'ऑटो' ही कळ एकदा दाबावी.

असो. या दोन अनुभवांच्या बळावर मी पुन्हा शिक्षक-दालनात गेले. एका दमदार कार्डाची किंमत तेव्हा अठ्ठावीस-तीस हजार सांगण्यात आली होती. अशा कार्डांपैकी एकाचे, आरटीएक्स ४०६० चे, उदाहरण घेतले तर ते ११५ वॅटचे, आणि त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस असावा असे बनविणारेच सांगतात. म्हणजे एसएमपीएस नवा, पडदा नवा. आणि एवढे करून प्रोसेसर तोच. तेवढ्याच रकमेत २१.५ इंची फुल एचडी पडदे चार येत होते. मुख्याध्यापकांनी दोन्ही हिशेब फळ्यावर मांडून घेतले. त्यांनी शेवटी विचारलेला प्रश्न फार साधा होता: रोज त्यापुढे किती मुले बसतील? निर्णय बहुतांशी माझ्या बाजूने झाला.

चार नवे पडदे आले. चारही यंत्रांना मी सुचविल्याप्रमाणे दोन-दोन पडदे लावले: नवा टंकलेखनासाठी, आणि अडगळीतला चौकोनी पडदा जुन्या अंकाचे पान दाखविण्यासाठी. पूर्वी मुले एकाच पडद्यावर कधी पान पुढे आणीत, कधी मजकूर. मधल्या वेळात शब्द विसरे आणि अंदाजाने लिहिला जाई. आता पान डावीकडे, मजकूर उजवीकडे, मान किंचित वळविली की झाले. दोन यंत्रांच्या पाठीमागे मुळातच दोन पडद्यांची तोंडे होती, त्यांना कार्ड लागलेच नाही. उरलेल्या दोहोंपैकी एकासाठी जीटी ७१० हे लहानसे कार्ड घेतले. ते अवघ्या १९ वॅटचे, पंख्याविना चालणारे, वेगळी तार न मागणारे. त्याला नव्यासाठी एचडीएमआय आणि जुन्यासाठी व्हीजीए अशी दोन्ही तोंडे आहेत, हे महत्त्वाचे. कारण अलीकडच्या कार्डांना व्हीजीए नसते, आणि मग जुन्या पडद्यासाठी निराळे परिवर्तक यंत्र घ्यावे लागते. खेळांच्या दृष्टीने हे कार्ड म्हणजे काहीच नाही. बनविणाऱ्यांनी त्याच्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर काढणे २०२१ मध्येच थांबविले. पण दोन पडद्यांवर अक्षरे स्वच्छ दाखविण्यास ते पुष्कळ आहे.

मुलांनी या जोडीचे बारसेही केले. देवास या एकाच गावी पवार बंधूंच्या दोन शाखांची दोन राज्ये १९४८ पर्यंत नांदत होती, एक थोरली पाती आणि दुसरी धाकटी पाती. दोघांचे कारभार निराळे, माता टेकडी मात्र एकच. थोरल्या पातीच्या दरबारी १९२१ साली खासगी चिटणीस म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने त्या टेकडीचेच नाव आपल्या १९५३ सालच्या पुस्तकास दिले. मी हा धडा शिकवून आठवडा झाला नसेल तोच कक्षात "धाकट्या पातीवर पान लाव," "थोरली पाती बंद पडली, बाई!" अशी भाषा ऐकू येऊ लागली. इतिहासाच्या शिक्षिकेला याहून मोठे पारितोषिक कोणते?

चौथ्या यंत्राविषयी मात्र मला माघार घ्यावी लागली, आणि ती मी आनंदाने घेतली. नववीतील एक विद्यार्थिनी एके दिवशी माझ्याकडे आली. धारच्या लाट मशिदीजवळ जो लोहस्तंभ तीन तुकड्यांत पडलेला आहे, ज्याची उभारणी परंपरेने भोजराजाकडे दिली जाते, तो तिने पाहिला होता. तिन्ही तुकडे जोडले तर लांबी सुमारे १३ मीटर भरते. तो स्तंभ उभा असता तर कसा दिसला असता, हे तिला 'ब्लेंडर' नावाच्या, विनामूल्य मिळणाऱ्या आज्ञाक्रमात घडवून पाहावयाचे होते. पण कक्षातील यंत्रावर त्याची नवी आवृत्ती उघडतच नव्हती. मी प्रथम म्हटले, "जुनी आवृत्ती घे." तिने घेतली, तीवर आकृती फिरवताना यंत्र इतके थबके की तिचे तास वाया जात. चौकशी केली तेव्हा कळले की, ब्लेंडरच्या चौथ्या आवृत्तीपासून चित्रांकनाची जी किमान पातळी लागते, ती आमच्या प्रोसेसरमधील भागाला गाठताच येत नाही. येथे दोष पडद्याचा नव्हता. येथे कार्डच हवे होते. माझे 'आधी पडदा' हे सूत्र अक्षरांपुरते खरे आहे, आकारांच्या कामाला ते जसेच्या तसे लागू नाही, हे मला त्या मुलीने शिकविले.

त्या यंत्रासाठी जीटी १०३० हे ३० वॅटचे कार्ड घेतले. ते घेताना जी खबरदारी घेतली ती वाचकांस उपयोगी पडावी. या कार्डाची दोन रूपे एकाच नावाने विकली जातात. २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या रूपात जीडीडीआर-५ जातीची स्मृती आहे. २०१८ मध्ये साधी डीडीआर-४ स्मृती घातलेले दुसरे रूप निघाले. पहिले कार्ड एका सेकंदात आपल्या स्मृतीशी ४८ गिगाबाइटची देवघेव करते, दुसरे १७ सुद्धा नाही. आणि खोक्यावरील नाव तेच. एकच नाव सांगून निराळा माल देण्याची ही रीत मला तरी सरळ वाटत नाही. खोक्यावरची बारीक अक्षरे वाचल्यावाचून पैसे देऊ नयेत. याच कार्डामुळे आणखी एक लाभ झाला. अलीकडे बहुतेक चलच्चित्रे ज्या दाबून साठविण्याच्या पद्धतीने येतात, त्यांतील व्हीपी-९ ही पद्धत जुन्या प्रोसेसरला कष्टाने उलगडावी लागते. हे कार्ड ते काम स्वतःकडे घेते, आणि विज्ञानाच्या तासाचे चित्रपट आता न अडखळता दिसतात. आमच्या सरांनी हे पाहिल्यावर "बाई, कार्ड आमचेच जिंकले," असे म्हणून घेतले. त्यांचे खरे आहे. चारांपैकी एका यंत्रावर.

एक आक्षेप राहतो, आणि तो वजनदार आहे. एवढ्या जुन्या यंत्रांवर पैसा का घालावा? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नित्याची देखभाल थांबली, आणि विंडोज ११ साठी साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा तिसऱ्या पिढीचा. आमच्या कक्षात आता लिनक्स बसविले आहे, त्यावर मराठी टंकलेखन उत्तम होते. पण ही यंत्रे अमर नाहीत, हे मलाही दिसते. म्हणूनच मी पडद्यांचा पक्ष घेतला. पेटी उद्या मेली तर कार्ड कदाचित तिच्याबरोबर निरुपयोगी होईल; पडदा नव्या पेटीपुढे जसाच्या तसा उभा राहील. बारावीत चांगले गुण मिळविणाऱ्यांस आपल्या राज्य शासनाकडून लॅपटॉपसाठी २५,००० रुपये मिळतात. त्या घरांनीही हे ध्यानी घ्यावे की, लॅपटॉपच्या लहान पडद्यापुढे मान वाकवून तासन्तास बसण्यापेक्षा घरातला चांगला पडदा त्याला जोडता येतो. आणि जे पडदे खरोखरच गेले, ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नयेत. जुन्या नळीच्या काचेत शिसे असते, नळीच्या दिव्यांत पारा. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांनी असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जावा असे ठरविले आहे. अडगळीतील जे दोन पडदे चालू झाले नाहीत, ते अद्याप तेथेच आहेत. त्यांची व्यवस्था लावण्याचे काम माझ्याकडे आहे आणि ते मी अजून केलेले नाही.

जुन्या अंकांपैकी दोन आजवर पुरे झाले. दुसऱ्या अंकाचे तपासणीचे काम चालू असता एका मुलाने मला हाक मारून विचारले, "बाई, हा अनुस्वार आहे की कागदावरचा डाग?" आम्ही दोघांनी पान मोठे करून पाहिले. देवासला बँक नोट प्रेस आहे. तेथे छापल्या जाणाऱ्या नोटांवरील बारीक रेघा पाहणाऱ्याला लागत असेल, तेवढी एकाग्रता त्याने दाखविली. तो डागच निघाला. त्याने तो लिहिला नाही.

तिसऱ्या अंकाला या आठवड्यात हात लावावयाचा आहे. त्या यंत्राच्या धाकट्या पातीची तार सैल झाली आहे, मधूनच पान पिवळे दिसते. तिचे दोन स्क्रू सोमवारी आवळावयाचे आहेत.